कूस, अंग, पिशवी

आमच्याकडे, म्हणजे बीड जिल्ह्यात, बायका ‘गर्भाशय’ हा शब्द वापरत नाहीत. तो पुस्तकात असतो, दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यावर असतो. बोलण्यात असते ती पिशवी. ‘पिशवीला सूज आलीय’, ‘पिशवीत गाठ निघाली’, ‘पिशवीला टाका घातलाय’, ‘पिशवी साफ करून घेतली’. बाळंतपणाच्या वेळी ‘पिशवीचं तोंड किती उघडलंय’ ते बघतात. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘तिची पिशवी काढलीय.’ हे वाक्य बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, बाजारात भाजी निवडताना सहज बोललं जातं. दाढ काढली म्हणावं, तितक्याच सहज.

मी शाळेत मराठी शिकवते. शब्द कुठून आला हे बघायची सवय त्यातून लागली. पण या एका शब्दाच्या मागे मी गेले ते व्याकरणासाठी नाही, माझ्या मावशीसाठी. तिच्याबद्दल पुढे सांगते. आधी शब्दांकडे बघू, कारण मराठीत या एका अवयवासाठी जितकी नावं आहेत, त्यातलं प्रत्येक नाव बाईकडे वेगळ्या जागेवरून बघतं.

‘गर्भाशय’ हा सरळ संस्कृत शब्द. ‘आशय’मध्ये ‘शी’ धातू आहे, निजणे. गर्भ जिथे निजतो ती जागा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सात आशय सांगितले आहेत. वाताशय, पित्ताशय, श्लेष्माशय, रक्ताशय, आमाशय, पक्वाशय, मूत्राशय. आणि मग म्हटलंय की स्त्रियांमध्ये गर्भाशय हा आठवा. तिथेच गर्भशय्येचा आकार सांगताना रोहित माशाच्या तोंडाची उपमा दिली आहे, बाहेरून अरुंद आणि आत रुंद. हाताने आणि डोळ्याने तपासणाऱ्या माणसाची ही उपमा आहे. ती वाचली तेव्हा मला फार आवडली.

‘गर्भ’ शब्दाचं नातं प्राचीन निरुक्तकार यास्कापासूनच ‘ग्रभ्’ धातूशी, म्हणजे धरण्याशी, लावलं गेलं आहे. मराठीत ते धरणं अजून जिवंत आहे. झाड फळ धरतं. तौलनिक भाषाशास्त्राचे अभ्यासक गर्भाच्या शेजारी ग्रीक ‘डेल्फिस’ ठेवतात, त्याचाही अर्थ तोच. त्यावरून ग्रीकमध्ये भाऊ म्हणजे ‘अदेल्फोस’, एकाच कुशीतला. आपला ‘सहोदर’ही तसाच बनला आहे, एकाच उदरातला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या नावात हा भाऊ बसलेला आहे. डॉल्फिन हे नावही त्याच डेल्फिसवरून आलं, कारण तो मासा दिसतो पण पिल्लू पोटात वाढवतो. सुश्रुताने गर्भाशयाला माशाचं तोंड म्हटलं आणि ग्रीकांनी माशाला गर्भाशयाचं नाव दिलं. यात कुणी कुणाचं घेतलेलं नाही, पण एकत्र आठवले की बरं वाटतं.

गर्भ मराठीत आला आणि ‘गाभ’ झाला. त्यातून किती शब्द निघाले ते बघा. केळीचा गाभा, देवळाचा गाभारा, गाभण म्हैस. तिचं पिल्लू दिवस भरायच्या आत पडलं तर ती गाभडली म्हणायचं. चिंच अर्धी पिकली की गाभुळली. ज्वारीचं कणीस पानाच्या आवरणात असतं, बाहेर पडलेलं नसतं, तेव्हा शेतकरी म्हणतो ज्वारी पोटऱ्यात आली. तिथे गर्भ नाही, पण पोट आहेच. शेतीच्या आणि गुरांच्या भाषेत हा सगळा परिसर अतिशय जपून, नेमकेपणाने बोलला जातो. कुठल्या अवस्थेत काय म्हणायचं, हे लहान पोरालाही माहीत असतं.

आणि ‘कूस’. हा माझा सगळ्यात आवडता. संस्कृत कुक्षि, प्राकृत कुच्छि, मराठी कूस. हिंदीत त्याच कुक्षिची ‘कोख’ झाली. पण हिंदीतली कोख बहुतेक बाईपुरतीच राहिली. मराठीने कूस सगळ्यांना दिली. झोपेत कूस पुरुषही बदलतो. लेकराला कुशीत बापही घेतो. डोंगराच्या कुशीत गाव असतं. आणि बाईला मूल झालं की तिची कूस उजवली म्हणतात. म्हणजे जो अवयव बाईचा, त्याचं नाव माणसाच्या अंगाची ती बाजू, जिच्याशी दुसऱ्या कुणाला तरी घट्ट धरता येतं. मूल होवो न होवो, कूस असतेच. ‘कूस उजवणे’ या प्रयोगाने कित्येकींना छळलं आहे हे मला माहीत आहे, ज्यांची उजवली नाही त्यांना विचारा. तरीही मूळ शब्दात बाई अजून पूर्ण आहे.

माझी आजी सुईण होती. तिच्या तोंडी पिशवी नव्हती. ती म्हणायची ‘अंग’. ‘तिचं अंग बाहेर येतंय’, ‘अंग जड झालंय’, ‘बाळंतिणीला लगेच पाण्याचे हंडे उचलू देऊ नका, अंग खाली येईल.’ अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय जागेवरून खाली सरकणं. लहानपणी मला या शब्दाची भीती वाटायची, अख्खं अंग बाहेर कसं येईल म्हणून. आता वाटतं, किती मोठं नाव दिलं होतं त्या बायकांनी. आतल्या एका अवयवाला सगळ्या देहाचं नाव. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बाळंतपणानंतर रोज बेंबीखाली बोटं ठेवून ती अंग किती उतरलं ते बघायची. ते साधारण रोज एक बोट खाली जातं, दहा-बारा दिवसांत वरून हाताला लागेनासं होतं आणि सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ मापावर येतं. सव्वा महिन्याची विश्रांती आपल्याकडे पाळतात, ती बरोबर या हिशेबात बसते.

ते मूळ माप किती, हे मी नंतर वाचलं. लांबी साधारण साडेसात सेंटीमीटर, रुंदी पाच, जाडी अडीच. वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास. दिवस भरेपर्यंत तेच एक किलोच्या घरात जातं. पोकळी एरवी नावालाच असते, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटलेली. बाकी सगळा जाड स्नायू. शरीरातल्या सगळ्यात ताकदवान स्नायूंपैकी एक.

पिशवी हा शब्द इथेच खोटा पडतो. पिशवी म्हणजे पातळ, मोकळी, काहीतरी भरायची वस्तू. सामान काढलं की घडी घालून ठेवायची किंवा टाकून द्यायची. ‘मुलं झाली, ऑपरेशन झालं, आता पिशवीचा काय उपयोग?’ हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की तो प्रश्न नसून उत्तरच असल्यासारखं वाटतं. (‘ऑपरेशन’ म्हणजे कुटुंब नियोजनाचं. पिशवीचं असेल तर ‘पिशवीचं ऑपरेशन’ असं वेगळं म्हणतात.)

भांड्याची कल्पना नवी नाही, हे मान्य करायला हवं. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला ज्या लज्जागौरीच्या मूर्ती सापडल्या, त्यांच्यात देवीचा देह म्हणजे जवळजवळ घटच आहे. नवरात्रात आपण माती, धान्य आणि घट मांडतो, तीही तीच कल्पना. सुवासिनीची ओटी भरतो तेव्हा पदरात तांदूळ, नारळ, सुपारी, खण घालतो, आणि पोटाच्या खालच्या भागाला ओटीपोट म्हणतो. म्हणजे बाईला पात्र समजणं फार जुनं आहे. पण घट फोडून टाकायचा नसतो आणि ओटी रिकामी ठेवायची नसते, एवढा मान त्या कल्पनेत होता. पिशवीत तो उरला नाही.

आता मावशीचं. लग्न झालं तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती. विशी उलटायच्या आत तीन लेकरं आणि कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायको ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि सहा महिने तोडून ती फेडायची. पहाटे अंधारात फडात शिरायचं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. राहायला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. मोरी नाही, संडास नाही, पाणी लांबून. एक दिवस काम बुडालं तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. आजारी पडलं तरी खाडा. पाळी आली आणि उभं राहवलं नाही तरी खाडा.

मावशीच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. वर्षानुवर्षं तेच फडकं, तेच पाणी, दुसरं काय होणार? एका उन्हाळ्यात ती गावाकडे आल्यावर एका खाजगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली. तिला सांगितलं गेलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. तीन लेकरांच्या आईला कॅन्सर म्हटल्यावर ती दुसरं काय ऐकणार? मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेऊन तिने पिशवी काढली. तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती. त्या हिवाळ्यात ती परत फडात होती.

ती एकटी नव्हती. २०१९ साली बीडच्या या बायकांच्या बातम्या देशभर छापून आल्या. त्याच वर्षी विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशाचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत ३.२ टक्के होता.

मुकादम बायकांना पिशव्या काढायला लावतात, असं तेव्हा काही ठिकाणी छापून आलं. मी ज्यांच्याशी बोलले त्या बायकांचं म्हणणं इतकं सरळ नव्हतं. मुकादमाने काढ म्हटलं नव्हतं. पण खाड्याचा धाक होता, उचल डोक्यावर होती, पाळीचे चार दिवस फडात काढणं नरक होतं. त्यात डॉक्टरने कॅन्सर म्हटलं. आणि जी वस्तू काढायची तिचं नाव होतं पिशवी. हे सगळं एकत्र आलं. शब्दाने ऑपरेशन केलं नाही, हे मला कळतं. पण नकार द्यायला जी थोडी अडचण वाटायला हवी होती, ती या शब्दाने काढून टाकली. ‘अंग काढायचंय’ असं कुणी आजीला म्हटलं असतं, तर ती उठून उभी राहिली असती.

पुढची गोष्ट मला जास्त लागली. काही वर्षांनी मावशीच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. रात्री घामाने चोळी भिजायची. गुडघे, कंबर, मनगट. चाळिशीच्या आत ती म्हातारी दिसायला लागली. तिने मला तिची फाइल दिली, प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये रेशनकार्डाबरोबर ठेवलेली. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजी आद्याक्षरं होती. टी. ए. एच. आणि त्याच्यापुढे बी. एस. ओ. मी ओळखीच्या डॉक्टरताईंना विचारलं. पहिल्याचा अर्थ, पोट उघडून गर्भाशय काढलं. दुसऱ्याचा अर्थ, दोन्ही बाजूंचे बीजकोश आणि नळ्याही काढल्या.

मावशीला हे माहीतच नव्हतं. सांगितलं नव्हतं म्हणून तर खरंच, पण दुसरंही एक कारण आहे. बीजकोशाला तिच्या बोलीत नावच नाही. पुस्तकात अंडाशय आहे, बीजकोश आहे, बोलण्यात काही नाही. बदामाएवढे ते दोन अवयव, ज्यांच्यातून बाईचे हाडं-रक्तवाहिन्या जपणारे स्राव पाळी जाईपर्यंत येत राहतात, ते ‘पिशवी’ या शब्दाच्या पोटात गेले आणि पिशवीबरोबर निघून गेले. ऐन तिशीत ते काढले की पाळी एका दिवसात कायमची बंद. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. ‘आणि त्या बाजूच्या दोन गोष्टी तरी ठेवता येतील का?’ हा प्रश्न मावशीने कसा विचारावा? कशाबद्दल विचारायचं ते सांगणारा शब्द तर हवा.

मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पिशवीच म्हणला होता गं तो. एवढंच म्हणला होता.”

कॅन्सरच्या भीतीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या भागात ही भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या, त्याच्या अगदी शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरचं जगभर गाजलेलं संशोधन झालं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलातले डॉक्टर त्यात होते. खेड्यापाड्यांतल्या १,३१,७४६ बायका सामील झाल्या, तीस ते एकोणसाठ वयाच्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने त्याचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याच बायकांनी, ज्वारीच्या रानातून येऊन, तपासणीच्या टेबलावर झोपून जगाला हे शिकवलं. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. कधी ते नैसर्गिकच असतं, कधी जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. शंका आलीच तर मुखाचा साधा नमुना घेऊन तपासता येतो. मोठ्या गाठी असतील, कशानेच न थांबणारा रक्तस्राव असेल, अंग पूर्ण बाहेर आलं असेल, खरोखर कॅन्सर असेल, तर गर्भाशय काढावं लागतं आणि त्याने जीव वाचतो. त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

बाईच्या या अवयवाबद्दल चुकीचं बोलून तिच्यावर चुकीचे उपचार करणं हे काही फक्त आपल्याकडे घडलं नाही. ग्रीकमध्ये गर्भाशयाला ‘हिस्तेरा’ असाही शब्द आहे. जुन्या ग्रीक वैद्यांना वाटायचं की ते रिकामं राहिलं तर शरीरात भटकतं आणि बाईला घुसमट होते. मग नाकाशी घाण वास आणि खाली सुगंध धरून त्याला परत जागेवर बोलवायचे. प्लेटोनेही त्याला मुलासाठी आसुसलेला प्राणी म्हटलं आहे. त्यातून ‘हिस्टेरिया’ आला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या यादीतून तो आजार म्हणून काढला तो १९८० साली. दोन हजारांहून जास्त वर्षं एक नाव बायकांच्या डोक्यावर राहिलं. बाईचा राग, दुःख, थकवा, काहीही असो, ते त्या नावाखाली जायचं.

२०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत, सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. हे चांगलं झालं. पण कागदावर सही किंवा अंगठा अजून बाईच करते, आणि तो कागद कुठल्या भाषेत असतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृहं चालतात. तिथल्या मोठ्या मुलींशी बोलायला मी आणि आमच्या उपकेंद्राच्या नर्सताई जातो. नर्सताई फळ्यावर चित्र काढतात, मी शब्द लिहिते. एका मुलीने विचारलं, “बाई, लेकरू नसतं तेव्हा ती रिकामीच बसती का?” इतका सरळ प्रश्न मला कधी सुचला नव्हता. नर्सताईंनी सांगितलं, रिकामी नाही बसत. आतलं अस्तर दर महिन्याला नवं तयार होतं, गळतं, पुन्हा तयार होतं, आणि एवढं होऊन आत साधा वण राहत नाही. मग दुसरीने बाजूच्या दोन गोळ्यांवर बोट ठेवलं, “आन् हे काय?” मी बीजकोश लिहिलं. मुली शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या. बीज त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

‘पिशवी’ शब्द आता जाणार नाही, आणि तो घालवावा असं मला वाटतही नाही. लाज न वाटता बायका ज्या नावाने दुखणं सांगू शकतात, ते नाव मी हिसकावून घेणारी कोण? डॉक्टरांनीही पिशवीच म्हणावं. मला हवंय ते संमतीच्या कागदावर, ऑपरेशनच्या आधी वाचून दाखवलेलं, मराठीत: आम्ही तुमची पिशवी काढणार आहोत. बाजूचे दोन बीजकोश काढणार आहोत किंवा ठेवणार आहोत, यापैकी एक. काढणार असू तर का. ते काढल्यावर तुमची पाळी आजपासून बंद होईल आणि हाडांना काय होईल. गोळ्या देऊन बघितलं का, किती महिने. आणि खाली, सहीच्या वर, दुसऱ्या डॉक्टरला दाखवून यायला मोकळी जागा आणि पुढची तारीख.